हिरवा म्हणजे रस्ता शे

टीव्हीखाली ठेवलेली पेटी भिंतीकडे तोंड करून बसलेली मी आयुष्यात एकाच घरी पाहिली. तळोद्याला, माझ्या घरमालकांच्या बैठकीत. तळहाताएवढी काळी पेटी, तिच्यावर फोटो, गाणी, व्हिडिओ सगळं साठवायची सोय. पण तिचं चकचकीत तोंड भिंतीला आणि वायरींनी भरलेली पाठ पाहुण्यांना. मी पहिल्या दिवशीच विचारलं, "अहो, ही उलटी ठेवलीय का?"

"उलटी नही, सुलटी शे," ते म्हणाले. "डॅशबोर्ड मांगे लायेल शे येडास्नी."

म्हणजे वेड्यांनी डॅशबोर्ड मागच्या बाजूला बसवलाय. झालं! मी सांगलीकडची, नोकरीला तिथल्या ज्युनिअर कॉलेजात नुकतीच रुजू झालेली, अहिराणी तेव्हा निम्मीच कळायची. तरी हे वाक्य कळलं आणि या घरात आपलं बरं चालणार अशी खात्री पटली.

सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. मीही तेच म्हणू लागले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तळोदा ते मोलगी जीप चालवली होती. अक्कलकुवा सोडलं की घाट लागतो. त्या घाटात आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं आणि सीटखाली पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन हा माणूस बाजाराच्या दिवशी चार-चार फेऱ्या करायचा. मी राहायला गेले तेव्हा जीप अंगणात होती, चार चाकांखाली चार विटा लावून. तिची चावी घरात नव्हती. रोज सकाळी उस्ताद तिची काच पुसायचे, आरसे पुसायचे आणि स्टिअरिंगवर बसून चहा प्यायचे. चावी नसलेल्या जीपचा हॉर्न मात्र त्यांनी थेट बॅटरीला जोडून ठेवला होता. अंगणात मांजर आलं की एक हॉर्न. मी स्कूटी काढली की दोन.

घरी कोणी आलं की ओट्यावर जागा असो-नसो, "सरका रे, आजून दोन बठतीन!" अशी आरोळी. लोक सवयीने सरकायचे. एकदा तर गणपतीच्या वर्गणीसाठी आलेली सात माणसं त्या चार हात ओट्यावर बसली होती आणि मधली तर एकाच्या मांडीवर एक अशी, कोणाची कुरकूर नाही. स्वतः उस्ताद मात्र कधी सरकायचे नाहीत. ड्रायव्हर सरकत नसतो म्हणे.

आणखी एक सवय होती, ती आधी सांगायला हवी. खोलीत शिरताना ते उंबऱ्याशी थांबायचे, मान डावीकडे पूर्ण वळवायचे, मग उजवीकडे, मग पाऊल टाकायचे. स्वयंपाकघरात जाताना तेच, ओटा उतरताना तेच. लोक हसायचे, "उस्ताद, आरसा पाहतायत काय?" तेही हसायचे. मीही हसायचे. मी! कॉलेजात प्रकाश, भिंग, डोळ्याची रचना शिकवणारी बाई. फळ्यावर रंगीत खडूने डोळा काढायचे आणि घरी येऊन त्या माणसाच्या मान वळवण्यावर हसायचे. आजही आठवलं की माझा मलाच राग येतो.

घाटातल्या गोष्टी सांगायला बसले की त्यांचा आवाज खाली यायचा. घाटातला रस्ता तेव्हा एकाच गाडीचा. समोरून कोण येतंय ते वळणावर कळत नाही, म्हणून दिव्यांची भाषा. एकदा दिपर मारला, म्हणजे पुढच्या दिव्यांची उघडझाप केली, तर 'मी येतोय'. दोनदा मारला तर 'तू ये, मी थांबलोय'. आणि या सगळ्याच्या वर एक कायदा. चढती गाडी भरलेली असते, ती मध्ये थांबली तर मागे घसरते, म्हणून उतरणाऱ्याने कडेला व्हायचं आणि चढतीला वाट द्यायची. समोर कोण आहे ते पाहायचं नाही. त्यांचं एका ड्रायव्हरशी हाडवैर होतं, दोघं स्टँडवर एकमेकांचं तोंड पाहत नसत. पण घाटात तो चढत असला तर उस्ताद गाडी कडेला घेऊन दोन दिपर मारायचे. तोही मारायचा. खाली आल्यावर पुन्हा अबोला सुरू.

"घाटमा डोया नही, कान चालाडना पडतस," हे त्यांचं नेहमीचं. वळणापलीकडची गाडी कोणती, भरलेली की रिकामी, चालवणारा नवा की जुना, हे ते म्हणे आवाजावरून सांगत. मला ही थाप वाटायची.

आता ती पेटी. ती त्यांच्या मुलीने आणली होती. एकुलती एक. आई लहानपणीच गेली, त्यामुळे शाळेला सुट्टी असली की बापाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, गिअरच्या शेजारी बसूनच मोठी झालेली. सुरतला परिचारिका म्हणून नोकरीला होती. मी यायच्या आधीच्या दिवाळीत ती आली, पेटी बसवली, वाय-फाय घेतलं, घरातले सगळे जुने फोटो त्यात भरले. जाताना जीपची चावी पर्समध्ये घालून घेऊन गेली. त्या दिवसापासून उस्तादांनी तिच्याशी बोलणं टाकलं. उंबऱ्याशी येऊ नको म्हणाले. बटनांच्या मोबाइलवर तिचं नाव आलं की फोन उशीखाली. "मन्ही चावी लई गयी, मन्हं काय ऱ्हायनं?" एवढंच म्हणायचे. कारण विचारलं तर जीपवर कपडा मारायला उठायचे.

पण पेटीशी भांडण नव्हतं. सकाळी तिच्यावर बातम्या लावायचे आणि टीव्हीकडे पाठ करून भाकरी थापायचे. "काय ऱ्हास ते टीव्हीमा? तोंड रंगाडेल लोके." त्यांचं लक्ष असायचं पेटीच्या पाठीवर. जिथे नेटची वायर खोचतात त्या खाचेशी दोन बारके दिवे होते, एक हिरवा आणि एक केशरी. हिरवा लागलेला असायचा, केशरी लुकलुकायचा. उस्ताद खाट ओढून त्यांच्या बरोब्बर समोर बसायचे.

माझं कॉलेज एकला सुटायचं. दुपारी मी वर माझ्या खोलीत लॅपटॉपवर मुलांचे गुण भरत बसायचे, त्यांच्याच वाय-फायवर. आणि रोज तीनच्या सुमाराला नेट बंद! पंधरा दिवस हे चाललं. मी कंपनीला फोन करून करून थकले. शेवटी एक दिवस वैतागून खाली आले तर उस्ताद भिंतीवरच्या बटनापाशी उभे.

"तुम्ही बंद करता नेट?"

"नेट नही. इंडिकेटर चालूच ऱ्हाई गयथं, ते बंद कयं," ते शांतपणे म्हणाले. "टीव्ही बंद, घरमा कोनी नही, आनि मांगे इंडिकेटर चालू. बॅटरी उतरी जाई ना!"

मी कपाळावर हात मारला. उभ्या गाडीचं इंडिकेटर चालू राहिलं तर ड्रायव्हरच्या जिवाला चैन पडत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसती चिडले होते.

त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. खोली तिनेच फोनवरून, शेजाऱ्यांमार्फत ठरवून दिली होती, "आबांकडे जरा लक्ष ठेवा" म्हणून, त्यामुळे ओळख होती. आवाज रडवेला. "मॅडम, एक विचारू? मी इथून पेटीत एक व्हिडिओ टाकतेय. खूप मोठा आहे, तिथलं नेट हळू, पाच-सहा तास लागतात. दुपारी टीव्ही बंद असतो म्हणून मी दुपारी लावते. निम्मा जातो, आणि माझ्या मोबाइलवर पेटीसमोर लाल खूण येते. बंद. परत पहिल्यापासून. रोज. आबांना माझं काही बघायचंच नाहीये का? बटन बंद करूनच टाकतात?"

"अगं, तसं नाही गं," मी म्हणाले आणि इंडिकेटरचं सांगितलं. ती हसली. आणि मग तिने चावीचं सांगितलं.

त्या दिवाळीत उस्ताद तिला मोलगीच्या बाजाराला घेऊन गेले होते. घाटात एका वळणावर जीपची डावी बाजू कठड्याला घासली. खाली दरी. उस्ताद म्हणाले, कठडा नवीन बांधलाय, पुढे सरकवलाय. कठडा जुनाच होता. ती रोज डोळ्यांच्या विभागात काम करणारी, तिला तिथल्या तिथे कळलं. काचबिंदू. समोरचं दिसतं आणि बाजूचं हळूहळू काळं होत जातं. "डावा डोळा जवळपास गेलाय, मॅडम. गेलेलं परत येत नाही. पण उजवा अजून वाचवता येईल, लगेच आले तर. डोळ्यांचं नाव काढलं की ते फोन ठेवतात. आता तर घेतच नाहीत. तुम्ही नका बोलू, तुमच्याशीही बोलणं टाकतील. फक्त तो व्हिडिओ तेवढा जाऊ द्या."

मी फोन ठेवला आणि खाली पाहिलं. उस्ताद ओटा उतरत होते. मान डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण, मग पाऊल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना दिवे समजावायला बसले. मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. हा हिरवा म्हणजे जोडणी, हा केशरी म्हणजे माहितीचं वहन. उस्ताद ऐकत होते आणि एक अक्षर त्यांना पटत नव्हतं. शेवटी म्हणाले, "मास्तरीन, तू व्हय बाजूले," आणि स्वतः मांडी घालून बसले. वायरीवरून बोटं फिरवत खाचेपर्यंत नेली आणि टिचकी मारून वायर काढली.

"तार काढी, हिरवा गया." परत खोचली. "तार लायी, हिरवा ऊना."

मला गाणं लावायला सांगितलं. केशरी धडाधड लुकलुकू लागला. बंद करायला सांगितलं. तो मंदावला, अधूनमधून एखादी उघडझाप. असं पाच-सहा वेळा करवून घेतलं. मग बिडी कानावरून काढली, परत कानावर ठेवली.

"हिरवा म्हंजे रस्ता शे. केशरी म्हंजे रस्तावर गाडी शे," ते म्हणाले. "आनि हाई एखाद-दोन लुकलुक व्हस, ती रस्तावरली बकरी. तिना काही नही."

कुणी ऐकत नसताना यंत्रं एकमेकांना उगाच 'आहेस ना' विचारत राहतात, ती बकरी. बारा वर्षं शिकवतेय मी, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मंग मास्तरीन, दुपारले टीव्ही बंद ऱ्हास, तू वर ऱ्हास. तरी केशरी धडाधड चालस. ती कोनी गाडी?"

मी म्हणाले, "तुमच्या आंडेरची. सुरतहून काहीतरी पाठवतेय तुम्हाला. रोज निम्म्या वाटेत तुम्ही बंद करता, मग तिला परत खालून चढावं लागतं."

आंडेर म्हणजे मुलगी. तो शब्द ऐकून ते उठले. अंगणात गेले, जीपमध्ये बसले. मांजर आलं, हॉर्न वाजला नाही. मी आत उभी. हा माणूस आता वायरच उपटून टाकतोय की काय, असं वाटत होतं.

परत आले ते उंबऱ्याशी थांबून, दोन्हीकडे मान वळवून. म्हणाले, "भरेल गाडी शे?"

"भरलेली आहे. पाच-सहा तासांची."

"भांडन भांडनना जागे," ते पेटीकडे बघत म्हणाले. "चढती गाडीले वाट देनीच पडस. तू तुन्ही गाडी बाजूले लाव."

म्हणजे मी माझं नेट बंद करायचं. केलं. मुलीला निरोप दिला, लाव आता. सकाळी दहाला केशरी दिवा सुटला तो सुसाट. रविवार होता. उस्ताद खाट ओढून समोर बसले आणि उठेनात. भाकरी मी केली, तर ती माझी सांगलीची भाकरी म्हणून नावं ठेवत तिथेच बसून खाल्ली. कोणी आलं तर आरोळी नाही, नुसतं ओठांवर बोट.

दोन वाजता लाईट गेली.

हिरवा विझला, केशरी विझला. मी म्हणाले, "गेलं परत पहिल्यापासून." आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, पाठवणारं ॲप थोडा वेळ वाट बघेल, दहा-बारा मिनिटांत पेटी परत आली तर आहे तिथून पुढे चालेल.

"पेटी कितीवर चालस?" उस्तादांनी विचारलं. मी अडॅप्टर उलटा करून वाचलं. बारा व्होल्ट. वाय-फायच्या डब्याचंही बारा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जीप बारा व्होल्टची.

चाकांखाली विटा होत्या, पण बॅटरी त्यांनी मरू दिली नव्हती. दर महिन्याला गॅरेजमध्ये नेऊन चार्ज करून आणायचे, हॉर्नसाठी म्हणे. ती काढून आणायला वेळ नव्हता, म्हणून पेटी आणि डबाच अंगणात नेले. बॉनेट उघडलं. मी अडॅप्टरच्या वायरी दातांनी सोलल्या, विज्ञानाच्या बाईने असं करू नये. धन कुठलं, ऋण कुठलं ते मी सांगत होते आणि ते न बघता, नुसत्या बोटांनी, पिळे मारत होते. तेव्हा मला दिसलं की त्यांची नजर वायरीकडे नव्हतीच. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे. नेटची लांब वायर खांबावरून खिडकीपर्यंत येत होती, ती तशीच ओढून बाहेर आणली. एक मिनिट काही नाही. मग हिरवा लागला. उस्ताद वाकून, नाक टेकेपर्यंत जवळ गेले.

"रस्ता ऊना," म्हणाले. आणि केशरी सुटला. मी टाळी वाजवली. उस्तादांनी हॉर्न वाजवला, लांबलचक.

लाईट चारच्या सुमाराला आली. त्याआधी पंधरा मिनिटं केशरी मंदावला आणि उस्ताद म्हणाले, "गाडी पोचनी. आते बकरी शे नुसती."

पेटी टीव्हीला जोडून मी व्हिडिओ लावला. पडद्यावर जीपची काच, काचेपलीकडे तळोद्याचं स्टँड. उस्तादांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटले. स्टार्टरचा आवाज आला आणि ते ताठ बसले.

"स्टँड शे आपलं," म्हणाले. मग, "तळोदाले ऊनी आनि घर नही ऊनी?"

उंबऱ्याशी येऊ नको असं त्यांनीच सांगितलं होतं.

मुलगी एका सुट्टीत कुणाची तरी जीप मागून आली होती आणि अख्खा रस्ता, तळोद्यापासून मोलगीपर्यंत, स्वतः चालवत मोबाइल काचेला लावून भरून घेतला होता. तोंडाने एक शब्द नाही, नुसता गाडीचा आवाज. ज्याला नीट दिसत नाही त्याच्यासाठी केलेला व्हिडिओ होता तो. अक्कलकुवा गेलं. घाट लागला. उस्तादांचा उजवा पाय फरशीवर दाबायला लागला, डावा हात हवेत गिअर शोधू लागला. "तिसरा... तिसरा... आते दुसरा टाक. दुसरा! अय माय, क्लच सोड ना पोरी!" कुठलं वळण, कुठली मोरी, ते आधी सांगत आणि मग पडद्यावर ते यायचं. एकदाही चुकले नाहीत. थाप नव्हती ती.

मग एका वळणावर गाडी थांबली. इंजिन बंद झालं. वारा ऐकू येत होता. आणि ती बोलली.

"आबा, आठेच तुम्हीन गाडी कठडाले घासी व्हती. कठडा नही सरकस, आबा. तुमले डावी बाजूनं दिसत नही. मी चावी रागमा नही लयी, भेवमा लयी. एक डोया गया, दुसरा आजून वाचाडता ई. सुरतले चला. मी चढी ऱ्हायनी, आबा. चढतीले वाट देनी पडस, तुम्हीनच शिकाडेल शे."

पुढे इंजिन पुन्हा सुरू झालं आणि गाडी मोलगीकडे निघाली. उस्तादांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही रडत होते, सांगायला लाज कसली.

मी मोबाइल पुढे केला. "बोला तिच्याशी."

त्यांनी मान हलवली. "बोलता नही येवाव आते." मग विचारलं, "तार काढी तं तिले तठे दखास का?"

दिसतं, मी म्हणाले. तिच्या मोबाइलवर पेटीसमोर लाल खूण येते, परत लावली की हिरवी.

ते पेटीपाशी मांडी घालून बसले. बोटांनी खाच शोधली. वायर काढली. हिरवा गेला. तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजलं, वायर लावली. हिरवा आला. थोडं थांबले. पुन्हा काढली, पुन्हा लावली. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दोन मिनिटं गेली असतील. माझा फोन वाजला. पलीकडे ती हुंदके देत होती, शब्द नीट फुटत नव्हते.

"मॅडम, लाल-हिरवं, लाल-हिरवं झालं. लाईट गेली का? का आबांनी दोन दिपर मारले?"

मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"ये," उस्ताद म्हणाले. "मी थांबेल शे."

पुढच्या रविवारी ती चावी घेऊन आली. विटा काढल्या, चाकांत हवा भरली. सुरतच्या रस्त्याला लागायचं म्हणून मी पिशव्या मागे ठेवत होते. उस्ताद सवयीने स्टिअरिंगवर जाऊन बसले होते. ती त्यांच्या बाजूच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. त्यांनी मान वळवून तिला पुरती पाहून घेतली आणि मग, मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, उस्ताद स्वतः सरकले.